मेलबर्न विद्यापीठात मास्टर्सला अर्ज: आधी काय, नंतर काय आणि फाइल नेमकी कुठे अडते

दिवाळी झाली की माझ्याकडे फायली यायला लागतात. कुणाची भाची, कुणाचा शेजारी, कुणी तर थेट माझ्या आईकडून नंबर मिळवलेला. पहिला प्रश्न ठरलेला: "मेलबर्न क्यूएसमध्ये (विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत) कितवं आहे?" दुसरा: "आयईएलटीएस किती लागतं?" नेमका कोणता अभ्यासक्रम, हा विषय चौथ्या-पाचव्या मेसेजला निघतो. आपल्या पदवीतले विषय त्या अभ्यासक्रमाला चालतात का, हे तर बऱ्याच जणांना अर्ज नाकारला गेल्यावरच सुचतं. कागदपत्रं बहुतेकांची बरी असतात. कामाचा क्रम उलटा असतो.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठाची पदवी हातात असलेल्या किंवा शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि युनिव्हर्सिटी ऑफ मेलबर्नमध्ये वर्गात बसून मास्टर्स करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पीएचडीची वाट वेगळी, तिथे आधी मार्गदर्शक गाठावा लागतो. बारावीनंतर जाणाऱ्यांचीही वेगळी.

## सुरुवात करण्याआधी: तारखा मागून मोजा

मेलबर्नमध्ये वर्ग वर्षातून दोनदा सुरू होतात: फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला आणि जुलैच्या शेवटी. सगळे अभ्यासक्रम दोन्ही वेळा प्रवेश देत नाहीत. परदेशी विद्यार्थ्यांची मुदत वर्ग भरण्याच्या कितीतरी महिने आधी संपते आणि ती अभ्यासक्रमागणिक बदलते.

जुलै धरला तर माझं गणित असं असतं:

- सप्टेंबर-ऑक्टोबर: अभ्यासक्रम ठरवणं, विषय जुळवणं
- नोव्हेंबर: ट्रान्सक्रिप्टसाठी (विद्यापीठाने दिलेला सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) अर्ज, पासपोर्टवरचं नाव तपासणं
- डिसेंबर: इंग्रजीची परीक्षा, जानेवारी दुसऱ्या प्रयत्नासाठी मोकळा
- फेब्रुवारीचा पहिला आठवडा: अर्ज
- मार्च-एप्रिल: ऑफर, कर्जाची मंजुरी
- एप्रिल-मे: फी, विमा, सीओई (प्रवेश पक्का झाल्याचा दाखला) आणि लगेच व्हिसा

यातला कुठलाही टप्पा "आठवड्यात होऊन जाईल" म्हणून पुढे ढकलू नका. विशेषतः ट्रान्सक्रिप्ट. आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला तुमच्या जुलैशी काही देणंघेणं नसतं.

## टप्पा १: क्रमवारी पंधरा मिनिटांत वाचून बाजूला ठेवा

क्यूएसच्या २०२५ च्या यादीत मेलबर्न जगात १३ वं होतं. टाइम्स हायर एज्युकेशनच्या २०२५ च्याच यादीत ते ३९ वं. विद्यापीठ तेच, वर्षही तेच. फरक मोजपट्टीचा. क्यूएसच्या शंभरपैकी ३० गुण प्राध्यापकांच्या मतांचे आणि १५ गुण कंपन्यांच्या मतांचे, म्हणजे ४५ गुण लोक काय म्हणतात यावर जातात. ऑस्ट्रेलियाची मोठी विद्यापीठं तिथे चांगलीच वर चढतात. २०२६ च्या क्यूएसमध्ये मेलबर्न १९ वर आलं, तेव्हा मला तीन जणांनी "आता सिडनीला टाकू का?" असं विचारलं. एका वर्षात सहा पायऱ्या खाली येण्याइतकं वर्गात काहीच बदललेलं नसतं.

क्रमवारी दोन ठिकाणी मात्र खरोखर उपयोगी पडते. एक, महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या या योजनेत विद्यापीठाचं क्यूएसमधलं स्थान पाहिलं जातं. त्या वर्षीच्या जाहिरातीत मर्यादा किती दिली आहे ते वाचूनच पुढे जा. दुसरं, विनातारण कर्ज. काही बँका त्यासाठी नामांकित विद्यापीठांची यादी ठेवतात. या दोन्हींपैकी काही लागू नसेल, तर १३ आणि ३९ मधला फरक विसरून जा. 'ग्रुप ऑफ एट' या ऑस्ट्रेलियातल्या आठ आघाडीच्या विद्यापीठांच्या गटातलं आहे, एवढं पुरे.

तपासा: नावात 'मेलबर्न' असलेल्या संस्था बऱ्याच आहेत, आणि त्यांचा या विद्यापीठाशी संबंध असेलच असं नाही. परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या प्रत्येक ऑस्ट्रेलियन संस्थेला क्रायकॉस नोंदणी क्रमांक असतो. युनिव्हर्सिटी ऑफ मेलबर्नचा क्रमांक ००११६के. ऑफर लेटरच्या तळाशी तो दिसला पाहिजे.

## टप्पा २: अभ्यासक्रमाचं पान मार्कशीट शेजारी ठेवून वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी स्वतः एका फाइलच्या या कामाला दोन संध्याकाळी देतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. मेलबर्नने २००८ पासून आपली रचना बदलली: पदवी मोजक्या, व्यापक विषयांची, आणि इंजिनिअरिंग, कायदा, वैद्यक यांसारखं व्यावसायिक शिक्षण मास्टर्सच्या पातळीवर. त्यामुळे तिथला 'मास्टर ऑफ इंजिनिअरिंग' हा आपल्या एम.ई.चा जुळा भाऊ नव्हे. इंजिनिअरिंगची पहिली व्यावसायिक पदवी घेणारेही त्यात असतात. चार वर्षांचं बी.ई. करून गेलेल्याला काही विषय पुन्हा केल्यासारखे वाटू शकतात, किंवा आधीच्या शिक्षणाबद्दल काही पॉइंटची सूट मिळू शकते.

पॉइंटचा हिशोब सोपा आहे. एक विषय साधारण १२.५ पॉइंटचा, सत्राला चार विषय म्हणजे ५०, वर्षाला १००. पानावर '२०० पॉइंट' लिहिलंय म्हणजे दोन वर्षं, '१५०' म्हणजे दीड, '३००' म्हणजे तीन.

आता काम असं करा:

१. कागदाला मधोमध घडी घाला. डावीकडे पानावरची पात्रता शब्दशः उतरवा: कोणत्या शाखेची पदवी, कोणते विषय, किमान किती सरासरी.

२. उजवीकडे तुमच्या मार्कशीटवरचे विषय, सेमिस्टर आणि गुण लिहा. विषयाच्या नावावर जाऊ नका. आपल्याकडे 'अप्लाइड मॅथेमॅटिक्स ३' नावाखाली नेमकं काय शिकवलं, हे परीक्षकाला नावावरून कळत नाही. त्या वर्षीचा सिलॅबस डाउनलोड करून ठेवा.

३. डावीकडची एखादी ओळ उजवीकडे रिकामी राहिली, तर अर्जाआधी विद्यापीठाला लिहून विचारा. उत्तर ई-मेलमध्ये आलं पाहिजे. एजंटने फोनवर दिलेला होकार पुढे दाखवता येत नाही.

सरासरीबद्दल नेहमी गोंधळ होतो. मेलबर्नच्या गुणपद्धतीत ८० च्या वर 'एच१', ७० ते ७४ 'एच२बी', ६५ ते ६९ 'एच३'. पानावर 'एच३, ६५ टक्के' दिसलं की मुलं म्हणतात, "मला ६८ आहेत, झालं काम." ते ६५ तिकडच्या मापाचे आहेत. तुमच्या विद्यापीठाचे गुण त्या मापात कसे बसवायचे हे विद्यापीठ ठरवतं, आणि काही ऑस्ट्रेलियन विद्यापीठं त्यासाठी भारतीय संस्थेचा नॅक दर्जाही पाहतात. शिवाय पात्रतेचा आकडा म्हणजे प्रवेशाची हमी नाही. जागा मर्यादित असलेल्या अभ्यासक्रमात त्याच्या बऱ्याच वरची मुलं घेतली जातात.

सावधान, कालावधी: ही चूक सर्वांत महाग पडते. शिक्षणानंतर तिथे काम करण्यासाठीचा ४८५ व्हिसा हवा असेल, तर ऑस्ट्रेलियात किमान ९२ आठवड्यांचा नोंदणीकृत अभ्यास आणि १६ महिने शिक्षण झालेलं लागतं. दीड वर्षाचा अभ्यासक्रम यात बसत नाही. दोन वर्षांचा घेतला आणि "फी वाचेल" म्हणून आधीच्या शिक्षणाची सूट घेऊन तो दीडवर आणला, तरीही बसत नाही. भारतात केलेल्या अभ्यासाची सूट त्या ९२ आठवड्यांत धरत नाहीत. सूट नाकारता येते. ऑफर स्वीकारण्याआधी नाकारा. १ जुलै २०२४ पासून या व्हिसाला बहुतेकांसाठी ३५ वर्षांची वयोमर्यादा आहे. चौतिशीत निघणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा. भारतीयांना मास्टर्सनंतर तीन वर्षांपर्यंत राहता येतं, ते भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारामुळे.

एमबीएवाल्यांसाठी एकच ओळ: पूर्णवेळ एमबीए मेलबर्न बिझनेस स्कूलकडे आहे, त्याची अर्जप्रक्रियाही त्यांचीच. विद्यापीठाच्या बिझनेस अँड इकॉनॉमिक्स फॅकल्टीचे मास्टर्स वेगळे.

## टप्पा ३: नाव, मार्कशीट, ट्रान्सक्रिप्ट

मराठी माणसाच्या नावाचे किमान तीन अवतार असतात. मार्कशीटवर 'पाटील स्नेहा रमेश', शेजारी आईचं नाव वेगळं छापलेलं. पासपोर्टवर आडनाव 'पाटील', नावाच्या रकान्यात 'स्नेहा रमेश'. आधार कार्डावर 'स्नेहा पाटील'. लग्न झालं असेल तर आणखी एक. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. तिकडच्या संगणकाला या तीन बायका वाटतात.

नियम एकच: अर्ज, इंग्रजीची परीक्षा, विमा, व्हिसा या चारही ठिकाणी पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच रकान्यात. माझ्या स्वतःच्या वेळी मी परीक्षेच्या फॉर्मवर वडिलांचं नाव गाळलं होतं. निकालपत्र आणि अर्ज जुळेनात. दोन आठवडे ई-मेल लिहिण्यात गेले आणि त्या दोन आठवड्यांतच शिष्यवृत्तीची तारीख उलटून गेली.

पासपोर्टवरच चूक असेल, तर इतर सगळं थांबवून आधी तो दुरुस्त करा. मार्कशीटवरचं नाव फक्त उलट्या क्रमाने असेल तर घाबरू नका. नावात खरा बदल असेल तर राजपत्र किंवा विवाह दाखला जोडा. दाखला मराठीत असेल तर मूळ प्रत आणि प्रमाणित इंग्रजी भाषांतर दोन्ही लागतात.

कागद जमवताना:

- सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट द्या, एटीकेटीच्यासुद्धा. नापास झालेला प्रयत्न लपवला, तर ट्रान्सक्रिप्टमध्ये तो दिसतोच. मग एक विषय नापास होण्यापेक्षा लपवाछपवी जास्त जड जाते.
- स्कॅन मूळ कागदाचा, रंगीत आणि दोन्ही बाजूंचा. श्रेणीपद्धत बऱ्याचदा मागच्या पानावर छापलेली असते. ती नसेल तर तुमचा ७.८ दहापैकी की आठपैकी, हे वाचणाऱ्याला कसं कळणार?
- सीजीपीएचे टक्के स्वतः करून अर्जात भरू नका. छापलंय तेच भरा. विद्यापीठाचं अधिकृत रूपांतरपत्र असेल तर ते वेगळं जोडा.
- पदवीदान समारंभ व्हायचा असेल तर प्रोव्हिजनल किंवा पासिंग सर्टिफिकेट घ्या. शेवटच्या वर्षाला असाल तर आतापर्यंतच्या मार्कशीटवर अर्ज करता येतो, पण मग ऑफर सशर्त येते.

## टप्पा ४: इंग्रजीची परीक्षा

आयईएलटीएस दिलीत तर अकॅडमिक. 'जनरल ट्रेनिंग' देऊन आलेले दरवर्षी एक-दोन भेटतात. फी गेली, महिना गेला.

बऱ्याच मास्टर्सना एकूण ६.५ आणि कुठलाही भाग ६.० च्या खाली नको, अशी अट असते. कायदा, शिक्षणशास्त्र यांसारख्या ठिकाणी ती जास्त कडक. आपली मुलं कुठे पडतात ते एका निकालपत्रावरून दाखवतो. लिसनिंग ८, रीडिंग ७.५, स्पीकिंग ६.५, रायटिंग ५.५. बेरीज २७.५, सरासरी ६.८७५, म्हणजे निकालावर झळकले ७.०. घरी पेढे वाटले. अट मात्र पूर्ण झाली नाही, कारण रायटिंग अर्ध्या बँडने कमी. म्हणून सराव रायटिंगचा करा. लिसनिंग ८ वरून ८.५ नेण्यात काही हशील नाही.

तपासा: निकाल साधारण दोन वर्षं चालतो. घरी बसून ऑनलाइन दिलेली परीक्षा ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी चालत नाही, विद्यापीठ काहीही म्हणो. केंद्रावर जाऊनच द्या.

## टप्पा ५: एसओपी, सीव्ही, शिफारसपत्रं

मागितली असतील तरच. मेलबर्नचे बरेच अभ्यासक्रम प्रवेश गुणांवर देतात आणि एसओपी, म्हणजे 'मला हे का शिकायचंय' सांगणारं पत्र, मागतही नाहीत. न मागता जोडलेलं चार पानी आत्मवृत्त कुणी वाचत नाही. मागितलं असेल तर दिलेल्या प्रश्नांची आणि शब्दमर्यादेची उत्तरं द्या. "लहानपणापासून मला संगणकाची आवड" ही ओळ खोडून टाका.

## टप्पा ६: अर्ज भरणं

अर्ज विद्यापीठाच्या पोर्टलवर थेट करता येतो. एजंट घेतलाच पाहिजे असं नाही. घेतलात तर तीन गोष्टी पाहा.

विद्यापीठाच्या वेबसाइटवर त्यांच्या अधिकृत एजंटांची यादी असते. तुमचा एजंट तिच्यात आहे का? अर्जातला ई-मेल तुमचा आहे का? अनेक कार्यालयं स्वतःचा ई-मेल टाकतात. मग विद्यापीठाने मागितलेला कागद तुम्हाला तीन आठवड्यांनी कळतो. आणि तिसरं, एजंटला कमिशन विद्यापीठाकडून मिळतं. त्यात गैर काही नाही, पण "मेलबर्न अवघड आहे, त्यापेक्षा इकडे लगेच ऑफर आणून देतो" हे वाक्य ऐकलं की हे कमिशन आठवावं.

भरताना सगळ्यात जास्त घोळ शिक्षणाच्या इतिहासात होतो. मध्येच सोडलेला डिप्लोमा, पहिल्या वर्षानंतर बदललेलं कॉलेज, अर्धवट राहिलेला एम.कॉम., सगळं लिहा. हीच माहिती पुढे व्हिसाच्या अर्जात जाणार आहे. दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगितल्या तर अडचण तिथे होते.

गॅपचंही तसंच. बी.ई.नंतर दोन वर्षं एमपीएससीची तयारी केली असेल, तर "घरच्या व्यवसायात मदत" असं रंगवू नका. एमपीएससी म्हणून लिहा, हॉलतिकिटं जपून ठेवा. खरी गोष्ट कागदाने सिद्ध करता येते.

सावधान: 'सबमिट' दाबण्याआधी संपूर्ण अर्ज पीडीएफ करून दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. जन्मतारखेत दिवस आणि महिन्याची अदलाबदल स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही. अर्जशुल्क परत मिळत नाही.

## टप्पा ७: ऑफर हातात आल्यावर

ऑफर दोन तऱ्हेची: सशर्त आणि विनाअट. सशर्त ऑफरमध्ये राहिलेल्या गोष्टींची यादी असते, अंतिम मार्कशीट, इंग्रजीचा निकाल वगैरे. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीसाठी विनाअट ऑफर लागते. म्हणून शिष्यवृत्तीवाल्यांनी अटी पूर्ण करायची घाई इतरांपेक्षा जास्त करायला हवी.

स्वीकारण्याआधी वाचायचं ते एवढं: अभ्यासक्रमाचं नाव आणि क्रायकॉस कोड, किती पॉइंटची सूट दिली आहे, सुरुवात आणि शेवटची तारीख, पहिल्या वर्षाची फी, फी दरवर्षी वाढते का, आणि फी परतीचे नियम. बाकी काही नाही वाचलं तरी फी परतीचं पान वाचा. व्हिसा नाकारला गेला तर आणि तुम्हीच विचार बदललात तर, या दोन प्रसंगांत मिळणारी रक्कम वेगवेगळी असते.

मग ऑफर स्वीकारा, मागितलेली रक्कम भरा, ओएसएचसी हा आरोग्यविमा घ्या. विमा अभ्यासक्रमापुरता नको, व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा हवा. त्यानंतर सीओई येतो, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचा दाखला. सीओईशिवाय व्हिसाचा अर्ज होत नाही.

## टप्पा ८: पैसे, कागदावर आणि खात्यात

हा टप्पा आठव्या क्रमांकावर दिसत असला तरी बँकेत पहिली फेरी टप्पा २ संपला की मारा.

व्हिसासाठी बारा महिन्यांच्या राहणीमानाचा खर्च म्हणून एकट्या विद्यार्थ्याला २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात. १० मे २०२४ पासून हा आकडा लागू आहे. त्यात पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासाचे २,००० डॉलर मिळवायचे. समजा फी ५४,००० आहे:

५४,००० + २९,७१० + २,००० = ८५,७१० डॉलर.

डॉलर ५८ रुपयांना धरला तर ४९,७१,१८० रुपये. जी फी आधीच भरली ती यातून वजा होते. नवरा किंवा बायको सोबत येणार असेल तर आकडा वाढतो.

हे पन्नास लाख कुठून आले, ते सांगता आलं पाहिजे. फाइल अडते ती अशी: अर्जाच्या दहा दिवस आधी खात्यात मामाकडून अठरा लाख, काकांकडून बारा. मामा खराच असतो, पैसेही खरेच असतात. पण मामाचं उत्पन्न, पैसे का दिले याचं पत्र आणि तुमचं नातं यांपैकी एकही कागद नसतो. शेतकरी कुटुंबात सातबारा पुढे केला जातो. सातबारा जमीन दाखवतो, पैसे दाखवत नाही. ऊस कारखान्याला गेला असेल तर बिलाच्या पावत्या, त्या जमा झाल्याचं पासबुक आणि जुन्या ठेवी, असा माग दाखवा.

पैसे पाठवताना टीसीएस, म्हणजे बँक आधीच कापून घेते तो कर, लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेवर टीसीएस नाही. स्वतःच्या पैशातून वर्षाला दहा लाखांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर कापला जातो आणि आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. बापाच्या पॅनवर कापलेला टीसीएस मुलाच्या विवरणपत्रात शोधत बसू नका.

## टप्पा ९: व्हिसा

विद्यार्थी व्हिसा म्हणजे सबक्लास ५००. अर्जाची फी १ जुलै २०२४ ला ७१० डॉलरवरून १,६०० झाली आणि १ जुलै २०२५ ला २,०००. नाकारला गेला तरी परत मिळत नाही. अर्ज ऑनलाइन, मग बोटांचे ठसे आणि ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे वैद्यकीय तपासणी. आपल्या फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही.

२३ मार्च २०२४ पासून 'जेन्युइन स्टुडंट' ही अट आली. अर्जातच प्रश्न असतात: सध्याची परिस्थिती, घर, नोकरी, हाच अभ्यासक्रम, हेच विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियाच का, याचा पुढे उपयोग काय. प्रत्येकाला १५० शब्द, इंग्रजीत. इंटरनेटवर अजूनही त्याआधीच्या 'जीटीई' (जेन्युइन टेम्पररी एंट्रंट) अटीसाठीच्या तीन-चार पानी पत्रांचे नमुने फिरतात. ते विसरा.

दीडशे शब्दांत काय बसतं बघा. नेहमी येणारं उत्तर: ऑस्ट्रेलियातलं शिक्षण जागतिक दर्जाचं, मेलबर्न शहर सुंदर आणि बहुसांस्कृतिक, विद्यापीठ क्यूएसमध्ये अमुक क्रमांकावर. यातलं एकही वाक्य फक्त तुमचं नाही. त्याऐवजी सांगलीच्या एका सिव्हिल इंजिनिअर मुलीने लिहिलेल्याचा आशय असा होता: २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं, सध्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचे आराखडे करणाऱ्या कंपनीत काम करते, पगार इतका, एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंगच्या मास्टर्समधले हे दोन विषय मला हवेत, मुंबईत असाच अभ्यासक्रम पाहिला, त्यात हे नव्हते, परत आल्यावर या प्रकारच्या कामासाठी अर्ज करणार. प्रत्येक वाक्यामागे एक कागद जोडता येत होता. पगारपत्रक, नियुक्तीपत्र, विषयांची यादी.

सावधान: दुसऱ्याचं उत्तर उतरवू नका आणि बनावट कागदाच्या वाटेला जाऊ नका. खोटा कागद किंवा खोटी माहिती सापडली तर नियम ४०२० खाली तीन वर्षं दुसरा व्हिसा अडतो. ओळखच खोटी निघाली तर दहा वर्षं. एजंटने परस्पर जोडलेल्या कागदालाही तुम्हीच जबाबदार. म्हणून व्हिसासाठी काय काय अपलोड केलं त्याची यादी त्याच्याकडून मागून घ्या.

विमानाचं तिकीट व्हिसा आल्यावरच. पासपोर्टवर शिक्का मारून मिळत नाही, व्हिसा ई-मेलने येतो. त्यावरच्या अटी शांतपणे वाचा. जुलैपर्यंत व्हिसा आलाच नाही, तर विद्यापीठाला लिहून प्रवेश पुढच्या सत्रावर घ्या. फी नव्या वर्षाची लागेल आणि सीओईही नवा घ्यावा लागेल.

## टप्पा १०: पोहोचल्यावरचे पहिले पाच आठवडे

वर्ग सुरू होईपर्यंत काम करता येत नाही. सुरू झाल्यावर पंधरवड्याला ४८ तास, आणि पंधरवडा सोमवारपासून मोजायचा. एका आठवड्यात ३० तास केलेत तर पुढच्यात १८ च. तिथल्या रेस्टॉरंटचा मालक हा हिशोब ठेवत नाही, तुम्ही ठेवा.

दुसरी गोष्ट सेन्सस डेटची: पहिल्या सत्राला साधारण ३१ मार्च, दुसऱ्याला ३१ ऑगस्ट. विषय झेपत नसेल तर त्याआधी सोडला तर फी लागत नाही. एक सप्टेंबरला सोडलात तर त्या एका विषयाची संपूर्ण फी गेली, म्हणजे वर्षाच्या फीचा आठवा हिस्सा; वरच्या उदाहरणात ६,७५० डॉलर. सोडण्याआधी मात्र विद्यार्थी कार्यालयात जाऊन विचारा, कारण सीओईच्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण होणं ही परदेशी विद्यार्थ्याची अट आहे, आणि सत्राला तीनच विषय घेतले तर ती मुदत सरकते.